पंख्याच्या पात्यांपासून सर्फबोर्डच्या फिन्सपर्यंत : आमची वाटचाल

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये आमचं फायबरचं वर्कशॉप आहे. बाबांनी ऐंशीच्या दशकात ते सुरू केलं तेव्हा ठाणे-बेलापूर पट्ट्यात केमिकल कंपन्यांचा जोर होता, आणि बहुतेक कंपन्यांच्या आवारात कूलिंग टॉवर (गरम पाणी हवेने थंड करणारा मनोरा) असायचाच. त्या टॉवरच्या पंख्यांची पाती हे आमचं मुख्य काम. ते आजही चालू आहे. सर्फबोर्डच्या, म्हणजे समुद्राच्या लाटेवर उभं राहून घसरायच्या फळीच्या, फिन्स (फळीखालची छोटी उभी पाती) आम्ही त्याच शेडमध्ये, त्याच माणसांच्या हातून बनवतो. पुष्कळांना हे दोन धंदे एकमेकांपासून फार लांबचे वाटतात. मला तसं वाटत नाही, आणि का वाटत नाही ते सांगण्यासाठीच हे लिहिते आहे.

पंख्याच्या पात्याची पुढची कड गोलसर असते, मागची बारीक होत जाते आणि पोटापेक्षा पाठ जास्त फुगीर असते. तो आकार हवेला वळवतो. पण आकार बरोबर आला म्हणून पातं पास होत नाही. त्याचं वजन किती आणि ते वजन मध्यापासून किती लांब पडतं, या दोन्हींचा हिशेब जुळलेली पातीच एका पंख्यावर जातात. नाहीतर पंखा थरथरतो आणि गिअरबॉक्सची बेअरिंग खातो. मी कॉलेज संपवून वर्कशॉपमध्ये आले तेव्हा एखादं पातं हातात घेऊन "हे चांगलं झालंय ना?" असं विचारायचे. बाबांचं उत्तर ठरलेलं : "एकट्या पात्याचं काय विचारतेस? संच जुळलाय का ते बघ."

सर्फिंग आमच्या घरात आलं ते भाच्यामुळे. तो शिक्षणासाठी मंगळुरूला गेला आणि मुळकीच्या किनाऱ्यावर रमला. शांभवी आणि नंदिनी या नद्या समुद्राला मिळतात तो हा भाग. भारतातल्या सर्फिंगची सुरुवात जिथे झाली त्या मोजक्या जागांपैकी ही एक. एका सुट्टीत तो मोडलेली फिन घेऊन आला. बाहेरून मागवलेला संच, किंमत काही हजार रुपये, आणि नवा येईपर्यंत बोर्ड भिंतीला टेकवून ठेवायचा. म्हणाला, "मावशी, हे फायबरच आहे ना? मग आपल्याकडे का होत नाही?" मी ती फिन आमच्या मिस्त्रीकाकांच्या हातात दिली. त्यांनी मागची कड बोटाने चाचपली, एक बाजू सपाट आणि दुसरी फुगीर आहे हे पाहिलं आणि म्हणाले, "हे तर आपलंच पातं आहे, पाण्यातलं."

ज्यांनी सर्फबोर्ड जवळून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. बोर्डाच्या शेपटीकडे खालच्या बाजूला ज्या उभ्या पट्ट्या असतात त्या फिन्स. त्या नसतील तर बोर्ड लाटेच्या उतारावर आडवा घसरतो. १९३५ साली टॉम ब्लेकने हवाईमध्ये एका बोटीचा कणा काढून आपल्या बोर्डाखाली बसवला, तिथून फिनचा प्रवास सुरू झाला. साठच्या दशकात जॉर्ज ग्रीनो या माणसाने माशाच्या पराकडे पाहून टोकाला वाकणारी, लवचिक फिन बनवली. आणि १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सायमन अँडरसनने साधारण सारख्या मापाच्या तीन फिन्स लावलेल्या बोर्डावर बेल्स बीचची स्पर्धा जिंकली. आज सर्वांत जास्त दिसते ती हीच तीन फिन्सची मांडणी. नव्वदच्या दशकात बोर्डात कायमच्या चिकटवलेल्या फिन्सच्या जागी खाच्यात बसवून स्क्रूने आवळायच्या सुट्या फिन्स आल्या. आमच्यासारख्या लहान वर्कशॉपला या धंद्यात शिरायला वाट मिळाली ती त्यामुळेच, कारण आता बोर्ड एकाचा आणि फिन दुसऱ्याची असं चालतं.

तीन फिन्समध्ये कडेच्या दोन एकमेकींचं आरशातलं रूप असतात. आतून सपाट, बाहेरून फुगीर, बोर्डाच्या नाकाकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, किंचित आत वळलेल्या आणि काटकोनात उभ्या न राहता थोड्या बाहेर कललेल्या. मधली दोन्ही बाजूंनी सारखी फुगीर. मध्यम बांध्याच्या माणसाच्या संचात पाया साधारण ११ सेंटीमीटर आणि उंची त्याहून जरा जास्त असते. पाया लांब केला तर बोर्ड वेग धरतो. उंची वाढवली तर पकड वाढते. टोक मागे जास्त झुकवलं तर वळण लांब आणि संथ येतं. हे कोणीही वाचून शिकू शकतो. डावी आणि उजवी सारख्याच वाकल्या पाहिजेत, ही गोष्ट मात्र कागदावर दिसत नाही. एक ताठ आणि दुसरी मऊ असली तर बोर्ड एका बाजूला चटकन वळतो आणि दुसऱ्या बाजूला मागे राहतो, आणि स्वार बिचारा स्वतःच्या पायांना दोष देत बसतो.

पहिले नमुने आम्ही हातानेच केले. काचेच्या कापडाचे थर रेझिनमध्ये बसवून जाड पत्रा तयार करायचा, त्यातून बाह्यरेषा कापायची आणि मग पॉलिशपेपरने घासत फुगवटा काढायचा. घासताना एकेक थर उघडा पडतो आणि फिनवर नकाशातल्या समउंचीच्या रेषांसारख्या रेषा उमटतात. मिस्त्रीकाका त्या रेषा वाचतात. डाव्या फिनवरच्या रेषा उजवीच्या रेषांशी जुळल्या नाहीत तर कुठे जास्त घासलं गेलंय ते मोजपट्टी न लावता कळतं. या हातच्या फिन्स आम्ही अजून बनवतो. लाँगबोर्डची (लांब सर्फबोर्डची) मोठी एकटी फिन तर मला हातचीच आवडते. पण एक संच घासायला इतका वेळ लागतो की सर्फ शाळांना परवडेल अशा किमतीत तो देता येत नाही. त्यांच्यासाठी इंजेक्शन मोल्डिंगकडे, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक दाबाने साच्यात भरून फिन काढण्याकडे, वळावं लागलं.

मोल्डिंगचा माल ठरला ३० टक्के काच मिसळलेला नायलॉन. मजबूत आहे, खारं पाणी सोसतो, आणि आपटली तरी फिन सहसा तुकडे होऊन उडत नाही. पण नायलॉन पाणी पितो. दाणे मशिनमध्ये घालण्याआधी ८० अंशांवर चार-पाच तास सुकवावे लागतात, आणि ठाण्याच्या जुलैत ड्रायरमधून काढलेले दाणे उघडे ठेवायची सोयच नाही. ओलसर दाणे गेले की फिनवर चंदेरी चरे उमटतात आणि ती ठिसूळ होते. म्हणून सुकवलेले दाणे आम्ही बंद हॉपरमधूनच (मशिनला दाणे पुरवणाऱ्या डब्यातूनच) घेतो. शिवाय तयार झालेली फिनही हवेतून आणि समुद्रातून पाणी शोषत राहते. मशिनमधून निघालेली कोरडी फिन आणि पाणी मुरलेली फिन यांच्या ताठपणात साधारण एक तृतीयांश फरक पडतो. बाजारात माणूस फिन हातात घेतो, अंगठ्याने वाकवून बघतो आणि "ताठ आहे, चांगली आहे" म्हणतो, तेव्हा तो कोरड्या फिनबद्दल बोलत असतो. लाटेवर तो वेगळ्याच फिनवर उभा राहणार आहे. आम्ही सगळी मापं मुरलेल्या फिनची धरतो.

मापायची पद्धत साधी आहे. फिनचा पाया शिकंज्यात धरायचा, टोकापासून ठरावीक अंतरावर ठरावीक वजन टांगायचं आणि टोक किती खाली आलं ते डायल गेजवर वाचायचं. आधी कोरडी, मग मिठाच्या पाण्यात मुरवून पुन्हा. हा शिकंजा बाबांनी पात्यांसाठी केला होता, त्याला फक्त नवे जबडे बसवले.

साच्याचं काम रबाळ्याच्या एका टूल रूमकडे (साचे बनवणाऱ्या वर्कशॉपकडे) दिलं. आमच्यासारख्यांसाठी डायचा, म्हणजे साच्याचा, खर्च हाच सगळ्यात मोठा, त्यामुळे एकाच साच्यात डावी, उजवी आणि मधली अशा तिन्ही बसवाव्यात असा आग्रह सगळ्यांचाच होता. मी तो मानला नाही. मधली फिन आकाराने वेगळी, तिच्यात माल वेगळ्या वेगाने भरतो, आणि तिच्या नादात कडेच्या दोघींवरचा दाब हलतो. म्हणून एका साच्यात फक्त डावी-उजवी ठेवल्या, रनर (माल साच्यात नेणारी वाट) दोन्हीकडे मोजून सारखा केला, आणि मधलीसाठी वेगळा साचा केला. पैसे जास्त गेले, पण या निर्णयावर आमचा सगळा माल उभा आहे. एकाच शॉटमधून, म्हणजे साचा एकदा भरल्यावर, निघालेली डावी आणि उजवी आमच्याकडे कधी वेगळी होत नाही. मशिनवरचा मुलगा दोघींना एकत्र काढतो, एकत्र थंड करतो आणि एकाच पाकिटात घालतो. मधली फिन नंतर गेजवर बघून त्यांच्या जोडीला लावतो.

माल साच्यात कुठून शिरतो यावरही बरंच अवलंबून आहे. काचेचे बारीक तंतू मालाच्या प्रवाहाच्या दिशेने लोळतात. पायाकडून माल सोडला तर बरेचसे तंतू उंचीच्या दिशेने जातात आणि फिन पायापासून टोकापर्यंत चढत्या लवचिकतेने वाकते. आम्हाला तेच हवं होतं. फिनची एक बाजू सपाट, दुसरी फुगीर, मध्ये जाड आणि मागे अगदी बारीक. त्यामुळे ती थंड होताना वाकायला बघते. त्यावर थंड करायचा वेळ वाढवणं आणि बाहेर काढल्यावर लगेच जिगमध्ये (आकार धरून ठेवणाऱ्या चौकटीत) धरून ठेवणं हा उपाय लागू पडला. कुठल्याही मोल्डरला हे माहीत असतं, त्यात आमचं वेगळं काही नाही.

पाण्यावरची चाचणी ठाण्यात होत नाही. आपल्या खाडीत गाळ आहे, फ्लेमिंगो आहेत, लाट नाही. नमुने घेऊन मत्स्यगंधा एक्सप्रेसने दक्षिणेला जायचं, दुपारी निघून रात्रभर प्रवास करून सकाळी उतरायचं. भर पावसाळ्यात अरबी समुद्र इतका खवळलेला असतो की फिनमधला फरक कळण्याआधी माणूस थकतो. म्हणून पावसाच्या आधीचा आणि नंतरचा काळ आम्ही निवडतो. फिन्स सगळ्या एका रंगाच्या, पायावर फक्त खुणा, आणि कुठल्या खुणेची काय जात ते पाण्यात उतरणाऱ्याला माहीत नसतं. तोच माणूस, तोच बोर्ड. आधी एक संच, मग दुसरा, आणि मग न सांगता पुन्हा पहिला. पहिल्या संचाबद्दल दोन्ही वेळा तो सारखंच बोलला तरच त्या दिवसाची नोंद आम्ही ठेवतो. लाटा दर तासाला बदलतात, त्यामुळे याहून प्रामाणिक रीत मला तरी माहीत नाही.

अशाच एका फेरीत भाचा किनाऱ्यावर येऊन म्हणाला, "मावशी, ही गुणगुणते." वेग वाढला की फिनमधून बारीक सूर यायचा आणि तो पायाला जाणवायचा. ताठपणाच्या आकड्यांत काहीच फरक नव्हता. मिस्त्रीकाकांना फोन केला तर त्यांनी एकच विचारलं, मागची कड चौकोनी आहे का? होती. बारीक कड चौकोनी राहिली की तिच्या दोन्ही अंगांनी पाणी आळीपाळीने सुटतं आणि कड कंप पावते. पंख्यांची पातीही हवेत अशीच गातात. तिथेच पॉलिशपेपरने कडेला एका अंगाने तिरका उतार दिला आणि सूर बंद झाला. पुढे तो उतार साच्यातच घेतला. मुळकीच्या वाळूत बसून लागलेला हा शोध मला आमच्या सगळ्या कामात सर्वांत प्रिय आहे.

आता मागणी बरी आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये महाबलीपुरमला झालेल्या आशियाई सर्फिंग स्पर्धेत रमेश बुदिहाळने कांस्यपदक मिळवलं, वैयक्तिक प्रकारात भारताला पहिल्यांदाच मिळालेलं. आइची-नागोयाच्या २०२६ च्या आशियाई खेळांत सर्फिंगचा पहिल्यांदाच समावेश झाला आहे. कर्नाटक, केरळ आणि तामिळनाडूच्या किनाऱ्यांवर सर्फ शाळा वाढताहेत, आणि चौकशीला येणारे बरेच जण पहिला प्रश्न वजनाचा विचारतात. तेच बरोबर आहे. साधारण ६५ ते ८० किलोच्या माणसाने मध्यम संच घ्यावा, त्याहून हलक्याने लहान आणि भारी माणसाने मोठा. दोन मापांच्या सीमेवर असाल आणि तुमच्या किनाऱ्यावरच्या लाटा मऊ, उथळ असतील तर लहान संच घ्या, बोर्ड मोकळा वळेल.

सध्या हातात आहे ते लहान मुलांच्या बोर्डांचं काम. त्या फिन्स मऊ मालाच्या आणि कडा गोलसर हव्यात, कारण शिकणारं मूल पडतं तेव्हा बोर्ड त्याच्याच अंगावर येतो. पण कड जाड केली की तो गुणगुणणारा सूर परत येऊ शकतो, म्हणून मागच्या कडेचा उतार नव्याने काढावा लागला. साचा रबाळ्यात आहे. पावसाळा ओसरला की पहिले नमुने मुळकीच्या शाळांमध्ये देऊ. तिथल्या प्रशिक्षकांनी आधीच सांगून ठेवलंय की प्रत्येक संचाबरोबर मधली फिन एक जास्तीची हवी, कारण बोर्ड वाळूला लागला की बहुतेक वेळा तीच पहिली मोडते. त्यासाठी पाकिटात चौथा कप्पा केला आहे.