तुम्ही विचारलंत म्हणून : लग्न थांबवलंत, मग सहा महिन्यांत झालंच कसं?

बालविवाह थांबवण्याच्या कामात हा प्रश्न आता पाठ झाला आहे. मुख्याध्यापक विचारतात, पत्रकार विचारतात. ज्याने खबर दिलेली असते तो गावातला तरुण तर रागानेच विचारतो: "ताई, पोलीस आले, ग्रामसेवक आले, तुमची माणसं आली, मंडप उतरवला. आणि दसरा झाल्यावर तीच पोरगी कुंकू लावून ऊसतोडीला गेली. एवढी खाती मिळून केलंत काय?" त्याचा राग खरा आहे. जिल्हा बाल संरक्षण कक्षाचं काम करणाऱ्या कोणालाही याचं उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

मंडप थांबवणं आम्हाला येतं, हे आधी मान्य करा. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर आलेली खबर जिल्ह्याच्या हेल्पलाइनकडे येते आणि तिथून लागोपाठ चार फोन जातात. पहिला ग्रामसेवकाला, कारण खेड्यात कायद्याने बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तोच. दुसरा पोलीस ठाण्यातल्या बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याला. तिसरा अंगणवाडी सेविकेला, मुलगी घरातच आहे की आदल्या रात्री हलवली हे बघायला. चौथा शाळेला, आणि तो सगळ्यात महत्त्वाचा. मंडपात पोचलं की आईबाप आधार कार्ड पुढे करतात. वय कशावरून धरायचं याचा क्रम बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ मध्ये ठरलेला आहे: शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेची जन्मनोंद, तीही नसेल तरच वैद्यकीय तपासणी. आधार त्या क्रमात नाही. म्हणून शाळेच्या जनरल रजिस्टरचा (प्रवेशनोंदीच्या वहीचा) उतारा हातात असल्याशिवाय गावात शिरू नये. उतारा नसला की दोनशे वऱ्हाडींसमोर "अठरा पूर्ण आहेत" यावर हुज्जत सुरू होते आणि पथक रिकाम्या हाताने परत येतं. शाळा रविवारी बंद असते. शुक्रवारी आलेल्या खबरीचं लग्न थांबतं, रविवारी सकाळी आलेल्या खबरीचं बहुतेक वेळा हातातून जातं.

पुढची गळती कागदावर होते. पंचनामा होतो, जबाब होतात, बापाकडून "अठरा पूर्ण होईपर्यंत लग्न करणार नाही" असं हमीपत्र घेतलं जातं, समज दिली जाते आणि गाड्या फिरतात. पण लग्नाच्या धोक्यात असलेली मुलगी ही कायद्याने 'काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक' आहे. तिला प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत बालकल्याण समितीसमोर हजर करायचं असतं. ही पायरी गाळली तर त्या मुलीच्या नावाची फाइलच तयार होत नाही. आणि फाइल नसलेल्या मुलीकडे पुन्हा कोण जाणार?

आता ते एक प्रकरण सांगते. ओळख पटेल असं सगळं काढून टाकलं आहे. यात एकही पायरी गाळलेली नव्हती, म्हणूनच ते सांगायचं.

मराठवाड्यातलं गाव, मे महिन्याचा शेवट, मुलगी पंधराची, नुकतीच आठवी पास झालेली. लग्न हळदीच्या दिवशीच थांबलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती समितीसमोर होती. समिती म्हणजे अध्यक्ष आणि चार सदस्य, प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असलेलं पीठ. सदस्यांनी मुलीला एकटीला आत घेऊन विचारलं तर ती म्हणाली, शिकायचंय. जबाबाखाली सही करायला कागद दिला. हातावरची मेंदी अजून गडद होती. तिने पूर्ण नाव लिहिलं आणि त्याच्यापुढे "इयत्ता ८ वी, हजेरी क्र. १७" असंही लिहिलं, परीक्षेच्या पेपरावर लिहितात तसं.

समितीने तिला आईवडिलांच्या ताब्यात दिलं, लेखी हमीवर. सामाजिक तपासणी अहवाल १५ दिवसांत मागवला. तो वेळेत आला. दोन खोल्यांचं घर, आईवडील ऊसतोड मजूर, धाकटे दोन भाऊ, वातावरण ठीक, मुलीला शिक्षणाची आवड. त्यातला शब्द न शब्द खरा होता. फक्त तो जूनमधला होता. जूनमध्ये आईवडील घरी होते. धोका ऑक्टोबरात होता, आणि ऑक्टोबराबद्दल त्या अहवालात एक ओळ नव्हती.

गावातली शाळा आठवीपर्यंत. नववीसाठी सात किलोमीटरवरच्या गावी जायचं. मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो, पण शाळेच्या वेळेला त्या रस्त्यावर एसटीच नव्हती. जुलैअखेरपर्यंत ती कधी चालत, कधी कोणाच्या मागे बसून गेली. ऑगस्टमध्ये हजेरीपटावर लाल शाईने "सतत गैरहजर" आलं. वर्गशिक्षकांनी बापाला फोन केला, वरच्या कार्यालयाला आकडा कळवला. त्या आकड्याला नाव नव्हतं. सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १४ व्या वर्षी संपतो, ती पंधराची होती, त्यामुळे तिच्या मागे जाणं कोणावर बंधनकारक नव्हतं. दरम्यान ग्रामसेवकाची बदली झाली आणि नव्या माणसाला मिळालेल्या कार्यभारात ते हमीपत्र नव्हतं. ठाण्यात नोंद होती, पण लग्नच झालं नव्हतं म्हणून गुन्हा नव्हता, म्हणून तपासही नव्हता. गाव बाल संरक्षण समितीचे अध्यक्ष सरपंच. ते जूनमध्ये बैठकीला बसले, त्यानंतर बैठक झाली नाही.

दसऱ्याच्या आसपास आईवडिलांनी मुकादमाकडून, म्हणजे ऊसतोडीची टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ रक्कम) घेतली. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, घरी मागे कोणी राहत नाही. आजी वर्षभरापूर्वी गेली होती. हंगामी वसतिगृहाचा विचार झाला, पण ती सोय चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. धाकटे भाऊ तिथे राहिले, ही बसत नव्हती. वयात आलेली मुलगी पाच-सहा महिने कोणाच्या भरवशावर ठेवायची? बापाने शेजारच्या जिल्ह्यात, तिच्या मामाच्या गावी, साखरपुड्यातच लग्न उरकलं. वीस माणसं, मंडप नाही, बँड नाही. कोणी फोन केला नाही.

मार्चमध्ये ती पश्चिम महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्रात पोचली, चौथा महिना. परिचारिकेने वय विचारलं, आईने एकोणीस सांगितलं, परिचारिकेला पटलं नाही. डॉक्टरांनी पोलिसांना कळवलं. कळवणं भागच होतं: ११ ऑक्टोबर २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर अठराखालच्या मुलीशी शरीरसंबंध ठेवणाऱ्याला नवरा आहे म्हणून सूट उरलेली नाही, आणि पोक्सोच्या, म्हणजे बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याच्या, कलम १९ खाली माहिती दडवली तर डॉक्टरच गुन्हेगार ठरतो. पुन्हा २४ तास, पुन्हा समिती, फक्त जिल्हा दुसरा. त्या केसपेपरावर तिचा अंगठा घेतलेला आहे. लिहिता येतं का, हे तिला कोणी विचारलंच नव्हतं.

सगळ्या फाइली मांडून पाहिल्या तर प्रत्येक मुदत पाळलेली दिसते. यावर आमची माणसं म्हणतात, मग आमची चूक काय? हे म्हणणं मला पूर्ण खोडता येत नाही. एका बाल संरक्षण कक्षाकडे पूर्ण जिल्हा असतो, एका ग्रामसेवकाकडे कित्येकदा दोन-तीन गावं. पण चूक नव्हती असंही मी म्हणणार नाही. समितीच्या आदेशात "पाठपुरावा करावा" एवढंच लिहिलं होतं. कोणी, कोणत्या तारखेला, ते नव्हतं. ज्या आदेशात माणसाचं नाव आणि तारीख नाही, तो पाठपुरावा होत नाही.

म्हणून आता आदेशाचा मसुदा पुढे ठेवताना तारखांचा आग्रह धरतो. जूनअखेर पुढच्या वर्गात नाव घातल्याचा दाखला. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात हजेरीपटाचा फोटो, मुख्याध्यापकांच्या सहीने. घटस्थापनेच्या आधी गृहभेट, आणि तिथे चारच प्रश्न: उचल घेतली का, मुकादम कोण, कारखाना कोणता, मुलगी कुठे राहणार. चौथ्याचं उत्तर नसेल तर त्याच आठवड्यात समितीसमोर परत, म्हणजे वसतिगृह किंवा नात्यातल्या योग्य व्यक्तीकडे ताबा ठरवता येतो. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेतून दरमहा ४,००० रुपयांची प्रायोजकत्व मदत बसते का, हे जूनमध्येच बघायचं. ग्रामीण कुटुंबाची उत्पन्नमर्यादा वर्षाला ७२,००० रुपये आहे, त्यासाठी तहसीलचा दाखला लागतो आणि मुलीच्या नावाचं बँक खातं लागतं. सप्टेंबरमध्ये धावपळ केली तर पैसे येईपर्यंत कुटुंब फडावर पोचलेलं असतं.

दुसरा आग्रह मनाई हुकुमाचा. बालविवाह प्रतिबंध कायद्याच्या कलम १३ खाली न्यायदंडाधिकारी लग्नाला मनाई करू शकतात, आणि त्यानंतर लागलेलं लग्न मुळातच रद्दबातल ठरतं. हुकूम नसेल तर ते रद्द करून घ्यायला मुलीला स्वतः कोर्टात जावं लागतं, वयाची वीस वर्षं पूर्ण व्हायच्या आत. हमीपत्र मोडलं तर बापाला फार तर पुन्हा समज मिळते, मनाई हुकूम मोडणं हा गुन्हा आहे. तरीही हमीपत्रावर भागवलं जातं, कारण ते अर्ध्या तासात होतं.

"मग त्याच दिवशी बालगृहात का नाही ठेवलीत?" हाही प्रश्न येतो. पूर्वी मी ठामपणे सांगत असे की संस्था हा शेवटचा पर्याय, कायदाही तेच म्हणतो, आणि लग्न ठरवलं बापाने तर घर मुलीने का सोडायचं? आजही हे पटतं. पण ती बालगृहात असती तर मार्चमध्ये नववीच्या परीक्षेला बसली असती. दोन्ही खरं आहे.

गुन्ह्यांबद्दलही तसंच. प्रत्येक प्रकरणात गुन्हा नोंदवा, भटजी-मंडपवाल्यापर्यंत कोणाला सोडू नका, असं माझं मत होतं. त्या मुलीच्या प्रकरणात नवरा, बाप, आई, मामा सगळे आरोपी झाले. ते बघून त्या ऊसतोड टोळीतल्या दुसऱ्या एका बाईने आपल्या सुनेचं नाव आरोग्य केंद्रात घातलंच नाही. डॉक्टरांनी कळवायला नको होतं, असं मी म्हणू शकत नाही. सुनेची तपासणी झाली नाही, तेही विसरू शकत नाही.

खबर देणाऱ्यांना एवढंच सांगायचं आहे की तुमचं नाव गुप्त राहतं, आणि मुलीचा फोटो काढू नका, पेपराला देऊ नका, तिची ओळख छापून उघड करणं हा बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे गुन्हा आहे. पहिल्या फोनवर मुलीचं पूर्ण नाव, शाळा, लग्नाची जागा आणि वेळ सांगा. आणि ऑगस्टमध्ये त्याच १०९८ वर दुसरा फोन करा. तो जवळपास कोणीच करत नाही. त्यावर एकच वाक्य सांगायचं असतं: "मे महिन्यात जिचं लग्न थांबवलं, ती आठ दिवस शाळेत आलेली नाही."