आमची वाटचाल : उष्टावणापासून भाकरीपर्यंत

आर्वीत स्पीच थेरपीची पाटी लावली तेव्हा लोकांना वाटलं, मुकं पोरगं बोलतं करणारी बाई आली. चावणं-गिळणंही आमच्याच कामात येतं, म्हणून पाटीवर 'लेकरू घास घेत नसेल तर भेटा' अशी ओळ घालून घेतली, तर पेंटरच म्हणाला, "घास भरवाले बी डॉक्टर लागते का ताई?" मुंबईच्या अली यावर जंग वाचा-श्रवण संस्थेत शिकून, आरसीआयचा (भारतीय पुनर्वास परिषदेचा) नोंदणी नंबर घेऊन आलेल्या माणसाला हे ऐकायला बरं वाटत नाही. पण पाटी रंगवून झाली.

आमची खरी भागीदार तळेगावकडच्या एका खेड्यातली अंगणवाडी सेविका. कागदोपत्री नाही, कामात. तिनं आणलेलं पहिलं लेकरू नऊ महिन्यांचं, जवळजवळ नुसतं अंगावरच्या दुधावर. आई कापूस वेचायला गेली की आजी चहात बिस्कीट बुडवून चाटवायची. वरण लावलं की जीभ ते बाहेर ढकलायची. वजनाचा आलेख सपाट. घरात एकच सल्ला चालला होता : दूध तोडा, भूक लागली की खाईल आपोआप. आम्ही दूध तोडत नाही. सहा महिन्यांनंतर दूध एकटं पुरत नाही, लोह तर नाहीच, म्हणून त्याच्या जोडीला घास. दूध दोन वर्षं आणि पुढंही चालू द्या. त्या लेकराला लॅटरलायझेशन, म्हणजे जिभेनं घास बाजूला हिरड्यांकडं सरकवणं, जमेपर्यंत सेविकाताई दर आठवड्याला एसटीनं आईला घेऊन येत होत्या, बऱ्याचदा तिकीट स्वतःच्या पैशानं.

हत्यारांचं सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. बाजारातला चमचा खोल असतो, लेकराचा वरचा ओठ तळापर्यंत पोचत नाही आणि मग आया तो टाळूला खरवडून रिकामा करतात. भांड्यांच्या दुकानातल्या काकांकडून मी स्टीलचे चमचे ठोकून चपटे करून घेतले, कड कानशीनं गुळगुळीत. दुसरं हत्यार खुर्ची. गावातल्या सुतारकाकांनी ती सागाची केली : ताठ पाठ, मांडीपुरती बैठक आणि खाली वर-खाली सरकणारा पायपाट. पाय लोंबकळत असले की लेकराचं अर्धं लक्ष तोल सांभाळण्यात जातं. पोझिशनिंग, म्हणजे बसवण्याची पद्धत, नीट नसेल तर तोंडावर कितीही काम करा, पाण्यात.

सगळं रांगेला लागलं आणि बसस्टँडजवळ एकानं शिशुपोषणाचं दुकान थाटलं. नोंदणी कशाचीच नाही, बॅनर मात्र गल्लीभर. 'मोफत तपासणी' म्हणून आयांना बोलवायचं, सहा महिन्यांनंतर दुधाचं पाणी होतं असं सांगायचं आणि हातात पावडरचा नमुना द्यायचा. बाळाच्या दूधपावडरी आणि डबाबंद अन्नाच्या विक्रीवर 1992 चा कायदा आहे, 2003 मध्ये तो कडक झाला. दोन वर्षांखालच्या लेकरांच्या डबाबंद अन्नाची जाहिरात चालत नाही, फुकट नमुनेही नाहीत. मी लेखी तक्रार दिली. पोच मिळाली, ती अजून फायलीत आहे.

त्याच सुमाराला माझ्याकडं एका लेकराला गॅग आला, म्हणजे घास बाहेर ढकलणारी उबळ. तोंड लाल, जीभ बाहेर, आवाज करत घास पुढं आला आणि पुढचा घास त्यानं नीट घेतला. एवढंच. पण आठवडी बाजारापर्यंत बातमी गेली, "थे बाई लेकराच्या घशात बोटं घालते." कोणी पसरवली हे मला पक्कं ठाऊक आहे, सिद्ध करता येत नाही, म्हणून नाव लिहीत नाही. खोली ओस पडली. मदतनीस मुलीला घरी पाठवावं लागलं, स्कूटी विकून भाडं भरलं. ज्या घरांतली पोरं माझ्याकडं भाकरी चावायला शिकली, ती माणसंही तेव्हा गप्प बसली. हे मी विसरलेले नाही.

सेविकाताईंनी मला अंगणवाडीत उभं केलं. समोर आया, आज्या. गॅगला आवाज असतो, खोकला असतो; तो घसा स्वतःला सांभाळतोय. घास अडकला तर आवाजच निघत नाही, लेकरू निळं पडतं. तेव्हा मात्र वाट बघत थांबायचं नाही. मी बोलले, पण लोकांनी ऐकलं ते ताईंमुळं. खोली पुन्हा भरली. पुढची वर्षं बरी गेली, लॉकडाउन सोडून.

आता विषय निघालाच आहे तर : चमचा आडवा धरा, ओठ खाली येईपर्यंत थांबा. नऊ महिन्यांनंतर मिक्सर बंद करा, खिचडी बोटानं कुस्करा. वर्षाच्या आत घुटीत मध नको. अख्खे शेंगदाणे मुळीच नकोत. दूध पिताना खोकला येत असेल, आवाज ओलसर होत असेल तर माझ्याकडं नंतर या, आधी बालरोगतज्ज्ञाकडं जा. आम्हीही अशी लेकरं सेवाग्रामच्या रुग्णालयात पाठवतो. आणि नव्या थेरपिस्टांनो, फी कमी घ्या, पण घ्या. फुकटातल्या तीन भेटींनंतर चौथ्या भेटीला कोणी येत नाही.

ते दुकान अजून आहे. हल्ली तिथं आमच्यासारखीच खुर्ची विकतात, प्लायवूडची, पायपाट न लावता. घेणारे ती उचलून आमच्याकडं आणतात. सुतारकाका पायपाट बसवून देतात आणि मजुरी रोख घेतात.