ईलीचं लाकडी आभाळ

इंग्लंडमध्ये जुन्या इमारती बघत हिंडणाऱ्यांच्या पिशवीत पेव्हस्नरचा एखादा खंड हमखास सापडतो. निकोलाउस पेव्हस्नर हा 1902 साली लायप्झिगमध्ये जन्मलेला कला-इतिहासकार. ज्यू वंशाचा असल्यामुळे 1933 मध्ये ग्योटिंगेन विद्यापीठातली त्याची नोकरी गेली आणि तो इंग्लंडला आला. ज्या देशानं आसरा दिला त्या देशाच्या इमारतींची त्यानं परगण्यावार नोंद केली. 1951 ते 1974 या काळात 46 खंड निघाले. काही सहकाऱ्यांनी लिहिले, पण बहुतेक त्याचेच. विद्यापीठाच्या सुट्ट्यांत गाडी काढायची (सुरुवातीला ती त्याची बायको लोला चालवायची), दिवसभर गावं पालथी घालायची आणि रात्री मुक्कामी बसून त्या दिवशीचं सगळं लिहून काढायचं.

युरोपीय वास्तुकलेवरच्या 1943 सालच्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच तो सांगतो की सायकलींची शेड ही नुसती इमारत, वास्तुकला म्हणजे लिंकन शहरातलं कॅथीड्रल, बिशपचं मुख्य चर्च. मला हे कधीच पटलं नाही. खुद्द त्याच्या खंडांत रेल्वे स्टेशनं आहेत, शाळा आहेत, गिरण्या आहेत, आणि मला तो तिथंच जास्त आवडतो.

केंब्रिजशायरचा खंड 1954 चा. तो वाचून मी केंब्रिजजवळच्या ईली या गावी, तिथलं कॅथीड्रल बघायला गेले. आजूबाजूचा सगळा मुलूख एकेकाळची दलदल, ताटासारखा सपाट. त्यामुळे कॅथीड्रल गाडीतून कितीतरी आधीच दिसू लागतं. आत नॉर्मन काळातले जाडजूड दगडी खांब, 1083 साली सुरू झालेलं काम. त्या रांगेतून पुढे चालत गेलं की अचानक डोक्यावरचं सगळं मोकळं होतं.

फेब्रुवारी 1322 मध्ये इथला मधला मनोरा कोसळला. कॅथीड्रल तेव्हा ख्रिस्ती मठाचं होतं; त्या मठाच्या बांधकामाची जबाबदारी असलेल्या ॲलन ऑफ वॉल्सिंगहॅमनं पूर्वीसारखा चौकोनी मनोरा पुन्हा उभारला नाही. पडलेल्या खांबांच्या जागा सोडून त्यानं आठ दगडी खांबांचा प्रचंड अष्टकोन आखला. एवढ्या रुंदीवर दगडी छत पेलणं अवघड, म्हणून काम लाकडाकडे आलं, आणि लाकडासाठी राजाच्या पदरचा सुतार विल्यम हर्ली. वरच्या कंदिलासारख्या मनोऱ्याचे आठ कोपरे ओकच्या आठ खांबांवर आहेत, प्रत्येक सुमारे 63 फुटांचा. असली झाडं शोधून आणायची, दलदलीतून वाहून न्यायची आणि मग उंचावर नेऊन सांधायची!

खालून बघताना वाटतं की पंख्यासारख्या पसरलेल्या फासळ्यांनीच तो कंदील तोलून धरलाय. खरं तर ती छताची शोभा. भार घेणाऱ्या तुळया त्याच्या मागे, नजरेआड आहेत. मी पुण्याची, विश्रामबागवाड्याचे सुरूच्या झाडाच्या आकारात कोरलेले लाकडी खांब बघत वाढलेली. त्यामुळे माझं लक्ष पहिल्यांदा सांध्यांकडेच जातं. खाचेत कुसू किती नेमकं बसलंय यावर इमारत शतकानुशतकं टिकते की नाही ते ठरतं. हर्लीचं नाव मठाच्या जमाखर्चाच्या नोंदींमुळे राहिलं. पुण्यातल्या वाड्यांच्या मालकांची नावं आपल्याला पाठ असतात, पण त्या सुतारांची? पेशवे दप्तरासारखे कागद आपल्याकडेही आहेत. वाड्याच्या माहितीफलकावर मालकाच्या जोडीला कारागिराचं नाव, निदान त्याला दिलेल्या मजुरीचा आकडा तरी, कुणीतरी शोधून लिहायला हवा असं मला फार मनापासून वाटतं.

केंब्रिजला कुणाकडे येणार असाल तर अर्धा दिवस ईलीसाठी काढा. रेल्वेनं पाव तासाचा रस्ता. कॅथीड्रलच्या तिकिटाबरोबर अष्टकोनावर नेणारी सहलही घ्या. जिना अरुंद आहे, गुडघे दुखत असतील तर खालूनच बघा. वर कंदिलाच्या भिंतींत देवदूत रंगवलेल्या लाकडी फळ्या आहेत, व्हिक्टोरियन काळातल्या. वाटाड्या त्या दारासारख्या उघडतो आणि तिथून थेट खालची फरशी दिसते. पण त्याआधी मागे वळून हर्लीच्या तुळया नीट बघून घ्या, कारण त्या खालून दिसत नाहीत.