लेफ्ट तर सोपा असतो

डबल कंट्रोलच्या गाडीत माझी जागा डावीकडे. पायाशी माझा ब्रेक नि क्लच, समोर माझा वेगळा छोटा आरसा, मांडीवर हजेरीची वही. सोळा वर्षं याच सीटवर बसून गाडी शिकवतोय. म्हणजे रस्त्याची डावी कड कायम माझ्यापासून हातभर अंतरावर. त्या दिवशी नेमका त्याच हातभर जागेत सायकलवर एक मुलगा आला आणि तो मला दिसला नाही. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचताना चूक शिकणाऱ्या बाईंची वाटेल.

बाई म्हणजे खरोखरच्या बाई. शाळेत भूगोल शिकवतात, पन्नाशी उलटलेली. त्या मला सर म्हणतात, मी त्यांना बाई. हातात वही, वहीत चार रंगांची पेनं. प्रत्येक तासानंतर पाच मिनिटं गाडीतच बसून टिपणं काढायच्या. आमच्या ऑफिसात याची थट्टा व्हायची. मीही हसलोय.

त्यांचा नववा तास होता. शिकवणारा माणूस रस्त्यापेक्षा शिकणाऱ्याचा डावा गुडघा जास्त बघतो, हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. गुडघा थरथरला की हाफ क्लच सुटणार, गाडी उडी मारणार. बाईंचा गुडघा आता स्थिर झाला होता, म्हणून मी सैलावलो होतो. चौक समोर, सिग्नल हिरवा. 'पुढे लेफ्ट घ्या बाई' म्हणालो आणि मान खाली घालून वही भरायला लागलो.

इंडिकेटरची टिकटिक ऐकू आली. डावाच होता, बरोबर. मग गाडी किंचित उजवीकडे सरकल्याचं जाणवलं. नवीन माणसं ट्रकवाल्यासारखी आधी बाहेर झोका घेतात, तसंच असेल म्हणून मी डोकं वर केलं नाही. गाडी थांबली तेव्हा केलं. चौकाच्या मधोमध, मधल्या रेषेला चिकटून आम्ही उभे. चाकं सरळ, डावा इंडिकेटर चालू, आणि बाई समोरून येणाऱ्या गाड्या संपायची शांतपणे वाट बघतायत. मागे हॉर्नचा कल्लोळ.

'अहो बाई, लेफ्ट! लेफ्ट घ्या ना!'

शिकवणाऱ्याने करू नये अशी सगळ्यात वाईट गोष्ट मी केली. स्वतः न बघता दिशा ओरडलो. बाईंनी ऐकलं. स्टेअरिंग पूर्ण डावीकडे, क्लच सोडला. गाडी मध्येच उभी बघून मागचा सायकलवाला साहजिकच डावीकडच्या मोकळ्या जागेतून पुढे निघाला होता. आरशाच्या टोकात काहीतरी निळं हललं आणि माझा पाय ब्रेकवर आदळला. इंजिन बंद. माझ्या खिडकीच्या काचेवर थप्पकन एक पंजा पडला.

चौदा-पंधरा वर्षांचा असेल. निळा शर्ट, पाठीला दप्तर, एक पाय जमिनीवर. गाडी चालवत होत्या बाई, पण तो बघत होता माझ्याकडे. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. काहीच बोलला नाही. काचेला रेटा देऊन सायकल सावरली आणि गेला. धुळीने भरलेल्या काचेवर पाच बोटं उमटून राहिली.

पुढे जाऊन गाडी बाजूला घेतली. बाईंचे हात थरथरत होते, आवाज मात्र वर्गातला. 'सर, मी सगळं बरोबर केलं होतं.' वही उघडून माझ्यासमोर धरली.

इतकी देखणी आकृती आमच्या ऑफिसातल्या तक्त्यावरही नाही. चौक, बाण, समोरच्या गाड्या लाल, आपली हिरवी. 'मध्यरेषेजवळ जाणे. समोरची वाहतूक संपेपर्यंत थांबणे. चाकं सरळ ठेवणे.' शेवटच्या ओळीखाली दोन रेघा. ही चाकं सरळ ठेवायची गोष्ट भल्याभल्या ड्रायव्हरांना ठाऊक नसते. चाकं आधीच वळवून थांबलात आणि मागून कुणी ठोकलं, तर गाडी थेट समोरच्या वाहतुकीत ढकलली जाते. बाईंनी ते अचूक टिपलं होतं. आकृतीत गाड्या उजव्या बाजूने चालत होत्या, एवढंच. रात्री बसून नवशिक्यांसाठीचे परदेशी व्हिडिओ बघायच्या. मला विचारलंही होतं. मी म्हणालो होतो, 'बघा की, चांगलं असतं.'

जिथे गाड्या उजवीकडून चालतात तिथे डावं वळण हेच अवघड वळण, समोरच्या गाड्या कापून जाण्याचं. अमेरिकेत युपीएस ही पार्सल कंपनी आपल्या गाड्यांचे मार्ग आखताना डावी वळणं शक्य तितकी टाळते. मी समजावायला लागलो, तेवढ्यात बाईंनी ते पान मागून उजेडाला धरलं. कागद पातळ, आकृती पलीकडून दिसली आणि सगळं उलटलं. गाड्या डावीकडे आल्या, वळण उजवं झालं. मी तीन तास घोटून घेतलेलं उजवं वळण, जसंच्या तसं.

'हे तुम्ही शिकवलंत,' त्या म्हणाल्या. 'डाव्या वळणाबद्दल माझ्या वहीत तुमचं एकच वाक्य आहे. लेफ्ट तर सोपा असतो, फक्त बघून घ्या. काय बघून घ्यायचं, सर?'

मला उत्तर आलं नाही. म्हणजे येत होतं, पण पायांना. तोंडाने कधी सांगितलंच नव्हतं.

ऑफिसात आल्यावर सहकारी म्हणाला, 'या वयात व्हिडिओ बघून गाडी शिकतात होय?' हा इसम स्वतः तास चालू असताना मोबाईल बघतो. मालकांचा पहिला प्रश्न, गाडीला काही लागलं का. दुसरा, परीक्षेला कधी बसवतोस.

त्या रात्री मीही व्हिडिओ बघत बसलो. ३ सप्टेंबर १९६७ ला पहाटे पाच वाजता सगळ्या स्वीडनने डावी बाजू सोडून उजवी धरली, हे तेव्हाच वाचलं. एका पहाटेत अख्ख्या देशाचं सोपं वळण अवघड झालं. त्याहून चक्रावलो ते न्यूझीलंडचं वाचून. गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून, पण २५ मार्च २०१२ पर्यंत तिथे डावीकडे वळणाऱ्याने समोरून उजवीकडे वळणाऱ्याला आधी वाट द्यायची. म्हणजे तोवर निदान तिथे तरी लेफ्ट घेणारा थांबून बघत असेल.

दहाव्या तासाला रिकाम्या मैदानात गेलो. कोरड्या जमिनीवर बाटलीभर पाणी ओतलं आणि बाईंना त्यावरून गाडी नेऊन लगेच डावीकडे वळवायला लावली. उतरून दोघांनी ओले पट्टे बघितले. पुढच्या चाकाचा पट्टा बाहेरून, मागच्याचा चांगलाच आतून. पुढचं चाक कोपऱ्यावरून सुटलं तरी मागचं फुटपाथवर चढतं ते यामुळे, आणि आत कुणी असेल तर ते त्याच्यावर जातं. बाई वाकून पट्ट्यांमधलं अंतर वितीने मोजत बसल्या.

मग वळणाच्या खूप आधी डावीकडे येऊन राहणं. उजवीकडे झोका घेतला की डावीकडे फट पडते, आणि फट पडली की सायकल घुसते. चूक तिची नसते, आपण बोलावलेली असते. वेग वळणाच्या आधी उतरवायचा, दुसरा गिअर आधी टाकायचा. वळताना क्लच दाबून ठेवला तर गाडी मोकळी पळते आणि बाहेर जाते. समोरच्या काचेच्या कडेच्या खांबामागे अख्खा माणूस लपतो, म्हणून मान पुढे-मागे करून बघायचं. ज्या रस्त्याला आपण शिरतोय तो ओलांडणारी माणसंही याच खांबामागे असतात.

आणि डोळे. हे मला त्या दिवसापर्यंत नीट उमगलं नव्हतं. आता सिग्नल नसलेल्या रस्त्याच्या तोंडावर मी गुडघा सोडून डोळे बघतो. शिकणारा उजवीकडे बघत असतो, तिकडून गाड्या येतात म्हणून. फट मिळाली की मान उजवीकडेच ठेवून स्टेअरिंग डावीकडे फिरवतो. गाडी एकीकडे, नजर दुसरीकडे. मी माणसं मोजली, जवळजवळ सगळे हेच करतात. म्हणून आता शेवटची नजर डावीकडे, आधी आरशात, मग खांद्यावरून, आणि ती टाकल्याशिवाय क्लच सोडू देत नाही. बाईंनी हे हिरव्या पेनाने लिहिलं.

काचेवरचा पंजा चार दिवस राहिला. पाचव्या दिवशी गाडी धुणाऱ्याने पुसला. सांगायला हवं होतं का त्याला, पुसू नको म्हणून? काय कारण सांगणार होतो?

हजेरीची वही मात्र माझ्याकडेच आहे. नवव्या तासाच्या रकान्यात ब्रेक मारताना पेन घसरल्याची लांब रेघ आहे, पार खालच्या नावापर्यंत गेलेली. ती रेघ सुरू होते त्याच्या आधी दोन शब्द लिहून झालेत, वळण यायच्या आधीच: 'लेफ्ट ठीक.'