तुम्ही विचारलंत म्हणून: चांदीजवळ उजेड वाढतो की विझतो?

पणजीत महाविद्यालयाचे विद्यार्थी आमची प्रयोगशाळा पाहायला आले, की त्यांतला एखादा हमखास विचारतो: "धातूजवळ नेले की रंगद्रव्याची प्रतिदीप्ती, म्हणजे प्रकाश शोषून त्याने परत दिलेला उजेड, विझते, असे आम्ही शिकलो, मग तुम्ही चांदी लावून ती वाढवता कशी?" म्हापशाचे आमच्या ओळखीचे सोनार शेटही हेच विचारतात, फक्त शब्द वेगळे: "चांदीने ताप ओळखता म्हणे, खरे काय?"

ताप म्हणजे डेंग्यू; त्याच्या चाचणीकडे पुढे येतोच. उजेडाचे म्हणाल, तर विझणे आणि वाढणे दोन्ही खरे आहे. निर्णय अंतराचा असतो. रंगद्रव्याचा रेणू चांदीच्या कणाला अगदी खेटून, म्हणजे पाचेक नॅनोमीटरच्या (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) आत असला, तर त्याची ऊर्जा धातूत जिरते आणि उष्णता होऊन जाते. तोच रेणू थोडा दूर, दहाएक नॅनोमीटरवर सरकवला तर चित्र पालटते. प्रकाश पडताच कणातील इलेक्ट्रॉन एकसाथ झुलतात, कणाच्या कडेला विद्युतक्षेत्र एकवटते आणि रेणू अधिक जोमाने उद्दीपित होतो, म्हणजे प्रकाशाची ऊर्जा घेतो. शिवाय कण त्याच्यासाठी अँटेनासारखे काम करतो, त्यामुळे ऊर्जा वाया जाण्याआधीच प्रकाश बाहेर पडतो. एरवी उद्दीपित अवस्थेचा काळ घटला की उजेडही घटतो. येथे काळ घटतो आणि उजेड वाढतो, हे मला आजही नवलाचे वाटते. आणखी दूर, पन्नासेक नॅनोमीटरपलीकडे गेले, की कणाचा हा प्रभाव जवळपास संपतो.

अंतराचा हा खेळ जुना आहे. 1970च्या सुमारास ड्रेक्सहागे या शास्त्रज्ञांनी आरशासमोर मेदाम्लांचे एकेक रेणूजाड थर रचून युरोपियम या धातूच्या संयुगाचा प्रकाशकाळ, म्हणजे उद्दीपित झाल्यावर ते उजळत राहण्याचा काळ, अंतरानुसार कमी-जास्त होताना दाखवला होता. 2006मध्ये अमेरिकेत रॉचेस्टर येथे सोन्याचा एकच कण सुईच्या टोकावर बसवून एकेका रेणूजवळ नेण्यात आला: उजेड आधी चढला, आणि कण अगदी जवळ येताच कोसळला.

2009मध्ये सोन्याच्या फुलपाखरी आकाराच्या अँटेनाने एका रेणूचा उजेड 1340 पटींपर्यंत गेल्याचे प्रसिद्ध झाले. तो आकडा खरा आहे, पण तो मुळात मंद असलेल्या रंगद्रव्याचा, आणि नेमक्या जागी बसलेल्या रेणूचा. फ्लुओरेसीनसारखे रंगद्रव्य शोषलेल्या प्रकाशापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक आधीच परत देते; त्याच्या कार्यक्षमतेत वाढायला जागाच कुठे आहे? साध्या चांदी चढवलेल्या काचेवर पाच-दहापट वाढ मिळाली, तरी मी समाधानी असतो.

ही काच आम्ही अशी करतो: सिल्व्हर नायट्रेटच्या अमोनियामिश्रित द्रावणात ग्लुकोज घालून काच बुडवली, की ती हळूहळू कोऱ्या पातळ चहासारखी पिवळसर होते. हा रंग म्हणजेच चांदीची सूक्ष्म बेटे. डेंग्यूच्या चाचणीसाठी त्यावर एनएस1 या विषाणू-प्रथिनाला पकडणारे प्रतिपिंड बसवायचे, रक्तद्रव सोडायचा, मग रंगद्रव्य जोडलेले दुसरे प्रतिपिंड; प्रथिन असेल तर तेही त्याला चिकटते आणि उजळते. प्रतिपिंडाचा रेणूच सुमारे दहा नॅनोमीटरचा असल्याने रंगद्रव्य आपोआप चांदीपासून दूर राहते. कधी कधी जरा जास्तच दूर, ही आमची डोकेदुखी. फायदा असा, की वरच्या द्रवात मोकळे तरंगणारे रंगद्रव्य चांदीपासून लांब असल्यामुळे उजळत नाही. पण काचेवर भलतीकडे चिकटलेले रंगद्रव्यही तितकेच उजळते, म्हणून नुसता उजेड वाढला म्हणजे चाचणी सुधारली, असे मी मानत नाही.

एका पावसाळ्यात आम्ही काचा कपाटात तशाच ठेवल्या होत्या. चवथीआधी घासलेले निरांजन महिन्याभरात पुन्हा काळवंडते, हे घरात पाहत असूनही आम्हाला सुचले नाही. हवेतल्या गंधकाने आणि दमटपणाने काचा करड्या पडल्या, आणि त्यांवरची वाढ जवळजवळ नाहीशी झाली. आता चांदीवर सिलिकाचा काही नॅनोमीटरचा थर चढवतो. तो चांदीला जपतो आणि रंगद्रव्याला खेटू देत नाही.

शेटांनी हे ऐकून लगेच विचारले, "मग सोनेच का घेत नाही? ते काळे पडत नाही." प्रश्न रास्त होता. सोने निळा-हिरवा प्रकाश स्वतःच शोषते, म्हणून फ्लुओरेसीनच्या हिरव्या उजेडाला ते मारक ठरते. तांबड्या रंगद्रव्यांसाठी मात्र ते चालते. यंदा मृगाआधी मागवलेल्या सामानात तांबड्या रंगद्रव्याची एक कुपी आहे.