जुन्या कार्बन फायबरला रेझिन धरवताना

एम.टेक.च्या प्रोजेक्टला रिसायकल केलेलं कार्बन फायबर घेतलं, तेव्हा डिपार्टमेंटमध्ये जो तो मायक्रोवेव्हबद्दलच विचारायचा. तासन्‌तास चालणारं क्युअरिंग, म्हणजे तंतूंना बांधून ठेवणारं रेझिन तापवून घट्ट करणं, मायक्रोवेव्हमध्ये मिनिटांत उरकतं म्हटल्यावर ते साहजिकच. मला मात्र काळजी होती तंतूंची. पायरोलिसिसमध्ये, म्हणजे हवेशिवाय तापवताना, ५०० अंशांच्या आसपास जुनं रेझिन जातं, तसं तंतूवरचं सायझिंग, म्हणजे रेझिन चिकटावं म्हणून दिलेला पातळ लेप, तोही जातो आणि वर काजळी बसते. नवं इपॉक्सी रेझिन मग त्या काजळीलाच चिकटतं.

पहिलं लॅमिनेट, म्हणजे तंतू आणि रेझिनचे थर मिळून झालेला तुकडा, तोडून एसईएमखाली (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली) पाहिलं. तंतू सोललेल्या काडीसारखे कोरे बाहेर आलेले, रेझिनचा कणही नाही. ते जिथून निसटले तिथे गोल गुळगुळीत भोकं.

म्हणून तंतू पुन्हा भट्टीत, या वेळी हवेत. काजळी जळते आणि पृष्ठभागावर ऑक्सिजनचे गट तयार होतात, त्यांना इपॉक्सी धरतं. पण तंतूची जाडी अवघी ७ मायक्रॉन. जरा जास्त वेळ राहिला की तोच खाल्ला जातो, ताकद घटते. आम्ही वजन करत बसायचो. घट मंदावली की माल बाहेर. हे कंटाळवाणं काम प्रोजेक्टच्या प्रेझेंटेशनमध्ये एका ओळीत संपतं!

मायक्रोवेव्हचा फायदा आहे, नाही असं नाही. लहरी रेझिनपेक्षा तंतू जास्त शोषतात, त्यामुळे आधी तंतू तापतो, त्याच्या लगतचं रेझिन पातळ होऊन नीट पसरतं आणि तिथूनच घट्ट व्हायला लागतं. मात्र साच्याच्या कडेला कोरडा तंतू डोकावला की ठिणग्या. "मॅडम, दिवाळीला अवकाश आहे अजून," म्हणत लॅबच्या मामांनी स्विच बंद केला होता. तेव्हापासून कडेपर्यंत रेझिन पोचलंय ना, हे बघितल्याशिवाय दार लावलं नाही. तापमान मोजायला साधा थर्मोकपलही आत चालत नाही, धातूचा असतो. ऑप्टिकल प्रोब दुसऱ्या लॅबमधून मागून आणला.

थर एकमेकांना किती घट्ट धरून आहेत हे मोजणाऱ्या शॉर्ट बीम शिअर टेस्टमध्ये खरी उडी दिसली ती साफ केलेल्या तंतूंची, अगदी साध्या ओव्हनमध्ये क्युअर केलेल्या तुकड्यांतसुद्धा. मायक्रोवेव्हने त्यावर थोडी भर घातली आणि वेळ वाचवला. सरांना हा क्रम, आधी सफाई आणि मग मायक्रोवेव्ह, फारसा रुचला नाही, पण रिपोर्टमध्ये तसाच ठेवू दिला.