बैलाचे रक्त आणि पांढरा सदरा

बुडापेस्टमधील चार दिवस चांगले गेले, त्यांविषयी लिहावे असे काही घडले नाही. केलेती स्थानकावरून सुमारे दोन तासांच्या रेल्वेप्रवासाने आम्ही दोघे हंगेरीतल्या एगेर या शहरी पोहोचलो, ते तेथील ‘बिकावेर’ या तांबड्या वाइनसाठी. बिकावेर म्हणजे बैलाचे रक्त.

या नावामागची आख्यायिका एगेरमध्ये दुकानागणिक ऐकावी लागते आणि तिसऱ्या वेळेस तिचा कंटाळा येतो. 1552 मध्ये ऑटोमन फौजेने किल्ल्याला वेढा घातला, तेव्हा किल्लेदार इश्तवान डोबोच्या सुमारे दोन हजार माणसांनी तो लढवला. त्यांच्या दाढ्यांवरून आणि कपड्यांवरून ओघळणारी तांबडी वाइन पाहून हे बैलाचे रक्त पितात, असे शत्रूला वाटले म्हणे! वेढा उठला हे खरे, परंतु त्या काळी एगेरमध्ये प्रामुख्याने पांढरी वाइन होत असे. तांबड्या वाइनची कादार्का ही द्राक्षे बाल्कनकडून आलेल्या सर्बांनी पुढे रुजवली. गडकोटांच्या दंतकथांवर वाढलेल्या मला खोट्या गोष्टीचा राग नाही, पण ती सांगून हाती गोडसर, पातळ वाइनचा पेला ठेवला जातो, याचा आहे. पहिल्या तळघरात आमचे तसेच झाले. साम्यवादी राजवटीत वारेमाप बनलेल्या स्वस्त मालाने हे नाव खराब केले होते, याचा प्रत्ययच आला.

‘सुंदरीचे खोरे’ असे नाव असलेल्या त्या भागात मऊ टफ दगडात कोरलेली तळघरे ओळीने आहेत. दुसऱ्या तळघराच्या भिंतींवर काळ्या बुरशीचा घोंगडीसारखा जाड थर होता. वाइनच्या वाफेवर पोसणारी ही बुरशी तेथे मुद्दाम राखतात. तेथील आजोबांना इंग्रजी येत नव्हते आणि आम्हाला हंगेरियन. त्यांनी ‘लोपो’ नावाची, वर फुगा असलेली लांब काचेची नळी पिंपात बुडवली, तोंडाने वाइन वर ओढली, अंगठ्याने टोक दाबले आणि आमच्या पेल्यांत नेमकी धार सोडली. लोपो या शब्दात चोरीचा अर्थ आहे, हे त्यांनी खिशात हात घालून, डोळे मिचकावत समजावले.

बिकावेर एका जातीच्या द्राक्षांची नसतेच. तिचा कणा केकफ्राँकोश, आणि तिच्या जोडीला मेर्लो, काबेर्ने फ्राँ यांसारख्या इतर जाती. आजोबांनी या तिन्ही वाइन आधी वेगवेगळ्या दिल्या. केकफ्राँकोश आंबटसर आणि चुणचुणीत होती, मेर्लो मऊ, तर काबेर्नेने जीभ चांगलीच आवळली. मग त्यांनी रिकामा पेला माझ्यापुढे सरकवला. मला काबेर्ने आवडली होती, म्हणून मी तीच निम्मी ओतली आणि उरलेल्या दोघींनी पेला भरला. आजोबांनी घोट घेतला, माझ्याकडे दयेने पाहिले आणि पेला शांतपणे मोरीत रिकामा केला. त्यानंतर त्यांनी स्वतःची बिकावेर दिली, तेव्हा तिच्यात काबेर्ने कुठे आहे हे मला शोधावे लागले.

तीच वाइन आम्ही दोन लिटरच्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये घेतली. स्वस्त पडते म्हणून कॅन घेणाऱ्यांनी झाकण स्वतः तपासावे. आम्ही तपासले नाही. परतीच्या गाडीत ते नवऱ्याच्या मांडीवर उघडले आणि पांढऱ्या सदऱ्याचा पुढचा भाग गळ्यापासून पोटापर्यंत लालभडक झाला. गाडीचा डबा प्रवाशांनी गच्च भरला होता, तरीही बुडापेस्टपर्यंत आमच्यासमोरच्या आसनावर कोणी बसले नाही.